जातं फिरतं, ओवी पुढे जाते

निमोणे, गुनाट, न्हावरे या भागातल्या गटांच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. मोबाईलवर कुठली तरी मुलगी दिसते. समोर लॅपटॉप, हातात माइक. गाते एकटीच, पण ऐकू येतात पाच जणी. हे कसं? आधी रेकॉर्ड करून आणलेलं असतं का?

नाही. ती तिथल्या तिथे गाते आणि तिथल्या तिथे आवाजावर आवाज चढवते. या प्रकाराला लूप म्हणतात. लूप म्हणजे फेरा. आपल्याला फेरा काही नवा नाही. जातं फिरतं तेव्हा घरघर तीच ती येत राहते, आणि तिच्यावर ओवी मात्र दर वेळी नवी असते. लॅपटॉपवरही तेच होतं, फक्त खुंटा फिरवायला हात लागत नाही.

आता काम कसं चालतं ते पाहू. आधी फेऱ्याची लांबी ठरवायची. भजनातला केरवा आठ मात्रांचा असतो, तसे आठ ठोके धरा. मिनिटाला ८० ठोके, या चालीने आठ ठोक्यांचा फेरा ६ सेकंदांचा होतो. बटण दाबून सहा सेकंद टाळ्या वाजवल्या की लॅपटॉप त्या लक्षात ठेवतो आणि थांबवेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. त्यावर दुसऱ्या फेऱ्यात टाळ, तिसऱ्यात ‘गं बाई’ची साथ चढवायची. असे तीन-चार थर बसले की एकटी बाई मोकळी होते, आणि वरून गाणं म्हणते. एखादा थर नकोसा वाटला तर तेवढाच बंद करता येतो.

म्हणूनच हे डीजेपेक्षा वेगळं आहे. डीजे तयार गाणी लावतो. इथे गाणं आपल्यासमोर, आपल्याच आवाजातून उभं राहतं. पहिला थर चालीत चुकला, तर ती चूकही दर सहा सेकंदांनी ऐकू येते. म्हणून पहिल्या थरासाठी ठेका पक्का असलेली बाई बसवा.

ही कल्पना लॅपटॉपच्या आधीची आहे. अमेरिकेतल्या पॉलीन ऑलिव्हेरॉस या संगीतकार बाईंनी १९६६ साली दोन टेपरेकॉर्डर जोडून, एकावर भरलेला आवाज दुसऱ्यावर थोड्या वेळाने ऐकवत, असे थर रचले होते. स्कॉटलंडची गायिका के. टी. टनस्टॉल २००४ साली ब्रिटनमधल्या टीव्ही कार्यक्रमात पायाने दाबायचं लूपचं यंत्र घेऊन एकटी उभी राहिली आणि घराघरांत पोहोचली. बर्लिनच्या ‘एबलटन’ कंपनीचं ‘लाइव्ह’ हे सॉफ्टवेअर २००१ साली आलं, तेव्हापासून हे काम लॅपटॉपवर सोपं झालं. ते विकत घ्यावं लागतं. पण ‘गिआडा’ नावाचं मोफत सॉफ्टवेअरही आहे. शिकायला तेवढं पुरे.

अडचणी तीन येतात. पहिली, आवाज उशिरा येणं. माइकमधला आवाज लॅपटॉपमध्ये जातो, त्याचे आकडे होतात, आकड्यांचा परत आवाज होतो. यात क्षणाचा उशीर झाला तरी ठेका सुटतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘बफर’ नावाची सोय असते. तो लहान केला की उशीर कमी होतो. पण फार लहान केला तर जुना लॅपटॉप दमतो आणि आवाज तुटक, खरखरीत येतो. थोडं थोडं कमी करत मधला आकडा शोधायचा. दुसरी अडचण शिट्टीची. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला की कान किटतात, शिवाय तो फेऱ्यातही अडकतो. स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, मागे नको. सरावाला हेडफोन बरा. तिसरी अडचण विजेची. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, स्पीकर चालणार नाही. कार्यक्रमाआधी त्याची सोय पाहून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. सगळं फिरवायचं नसतं. भोंडल्याची, फुगडीची गाणी ठेक्यावर चालतात, त्यांना टाळ्यांचा फेरा शोभतो. ओवीचं तसं नाही. ती मोजून गायली जात नाही. दळणाच्या जोरावर आणि श्वासावर ती कधी लांबते, कधी आखडते. तिच्याखाली टाळ्यांचा कडक फेरा लावला, तर सत्तरीतल्या आजींना यंत्रामागे धावावं लागेल. म्हणून ओवीला फक्त जात्याची घरघर फिरवा. तीही घाईची नको. आणि ओवीचे शब्द फेऱ्यात कधीच अडकवू नका. माहेरची आठवण, लेकीची काळजी दर सहा सेकंदांनी तीच ती वाजली, तर तिसऱ्या वेळी ती नुसता आवाज होऊन बसते. जातं फिरतं, ओवी पुढे जाते. लॅपटॉपला जात्याचं काम द्या, बाईचं काम बाईलाच करू द्या.

हे एवढं सांगायचं कारण आहे. गिरणी आली, पहाटेचं दळण गेलं, आणि ओवी गाण्याची वेळच गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी हे वेळेत ओळखलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या एक हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल पुढे या कामात आले आणि अनेक ओव्या आवाजात जपल्या गेल्या. २०१७ पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या लोकांपुढे ठेवत आहे. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही दिलेलं असतं.

तीच रीत आपणही ठेवू. आजींचा आवाज एकदा लॅपटॉपमध्ये गेला, की त्या नसतानाही तो फिरत राहणार. मग तो कुठे वाजेल, लग्नात, जत्रेत की कुणाच्या जाहिरातीत, हे त्यांना आधी विचारायला हवं. रेकॉर्ड करण्यापूर्वी विचारा, करून झाल्यावर ऐकवा, ‘नको’ म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसून टाका. कार्यक्रमात त्यांचं नाव आधी घ्या, सॉफ्टवेअरचं नंतर.

लॅपटॉप गटात एक असला तरी चालेल, पुढच्या वर्षी आला तरी चालेल. आजींचं मात्र तसं नाही. या आठवड्यात प्रत्येकीने आपल्या आळीतल्या एका आजींपाशी जाऊन बसा आणि त्यांना आठवतील त्या ओव्या त्यांच्याच तोंडून ऐका.