वजन घटविण्यासाठी उपासमार कितपत योग्य?

लठ्ठपणा ही सुखवस्तू शहरी माणसाची व्याधी होय, अशी आपल्याकडे पुष्कळ दिवस समजूत होती. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने ती मोडीत काढली आहे. देशातील १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे या पाहणीत आढळून आले. पुरुषांचे प्रमाणही जवळजवळ तेवढेच होते. गोव्यात तर तीन स्त्रियांमागे एकीहून अधिक, असे हे प्रमाण भरले. साहजिकच वजन उतरविण्याच्या उपायांना आज मोठी मागणी आहे. पंधरा दिवसांत दहा किलो वजन घटवून देण्याची हमी देणाऱ्या जाहिराती भिंतीवर, वर्तमानपत्रात आणि आता हातातील मोबाईलवरही दिसतात. घरातले लग्नकार्य दोन महिन्यांवर आले की रात्रीचे जेवण बंद, मग सकाळचा नाश्ता बंद आणि शेवटी काकडी व लिंबूपाणी यांवर दिवस काढणे, हा क्रम अनेक कुटुंबांना परिचयाचा आहे.

अशा रीतीने अन्न एकदम तोडल्याने वजन घटते काय? घटते, हे मान्य केले पाहिजे. परंतु जे घटावयास हवे तेवढेच घटत नाही, आणि जे घटते तेही बहुधा टिकत नाही. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

काटा काय सांगत नाही

आपल्या यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन नावाची एक साखर साठविलेली असते. हा साठा साधारणतः अर्ध्या किलोच्या आसपास असतो व त्यातील प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. अन्न तोडले की शरीर प्रथम हा साठा वापरते आणि त्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते. पहिल्या चार-पाच दिवसांत काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो तो मुख्यतः या कारणाने. त्यात चरबीचा वाटा अल्पच असतो. जाहिरातदारांचा सारा व्यापार या पहिल्या आठवड्यावर चालतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. मनुष्य पुन्हा नेहमीप्रमाणे जेवू लागला की हे पाणी दोन दिवसांत परत येते.

पुढे उपासमार चालू राहिल्यास चरबी जळू लागते हे खरे, पण त्याचबरोबर स्नायूही झिजू लागतात. मेंदूला लागणारी साखर पुरविण्यासाठी शरीर स्नायूंतील प्रथिने मोडते. आहारात प्रथिने नसतील आणि अंगमेहनतही नसेल, तर ही झीज अधिक होते. काट्याला मात्र चरबी आणि मांस यांतला भेद कळत नाही. तो दोहोंचे वजन एकाच मापाने मोजतो.

भारतीयांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच दोन छायाचित्रे व मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. दिसावयास सडपातळ असूनही भारतीय माणसाच्या अंगी स्नायू कमी व चरबी जास्त असते, हे त्यावरून स्पष्ट झाले. ज्याच्या गाठीशी स्नायूंची पुंजी मुळातच तोकडी आहे, त्याने ती उपासमारीत उधळावी, हा उलटा व्यवहार होय.

एक प्रसिद्ध प्रयोग

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात कोट्यवधी लोक अर्धपोटी राहत होते. त्यांना पुन्हा अन्न कसे द्यावे, हे ठरविण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ साली एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेले ३६ निरोगी तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. प्रथम तीन महिने त्यांना दररोज सुमारे ३२०० उष्मांकांचा आहार देण्यात आला. त्यानंतर २४ आठवडे तो निम्म्यावर, म्हणजे सरासरी १५७० उष्मांकांच्या आसपास आणण्यात आला. बटाटे, सलगम, कोबी, पाव असे साधे अन्न दिवसातून दोनदा मिळे, आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे होते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आज वजन घटविण्याच्या नावाखाली सुचविले जाणारे कित्येक आहार आठशे किंवा त्याहूनही कमी उष्मांकांचे असतात. मिनेसोटातील तरुणांना त्याच्या जवळजवळ दुप्पट अन्न मिळत होते. तरीही त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले, नाडीचे ठोके मिनिटाला ५५ वरून ३५ पर्यंत मंदावले आणि विश्रांतीच्या अवस्थेत शरीर खर्च करीत असलेली ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी घटली. भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजे. पायांवर सूज आली, केस गळू लागले, चिडचिड व औदासीन्य वाढले. कोणत्याही विषयात मन लागेना. काही जण पाककृतींची पुस्तके जमवून तासन् तास वाचीत बसत. इच्छाशक्तीच्या अभावाने माणूस खातो, असे म्हणणाऱ्यांनी हा भाग अवश्य ध्यानी घ्यावा. तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करणारे ते तरुण दुबळ्या मनाचे खचित नव्हते.

प्रयोग संपल्यावर जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. निर्बंध उठताच ते भरमसाट खाऊ लागले, आणि पोट तुडुंब भरले तरी भूक गेली नाही असे सांगू लागले. गमावलेले स्नायू पुरते भरून येण्याआधीच त्यांच्या अंगावरील चरबी मूळ प्रमाणाच्या पुढे गेली. कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सर्व वृत्तांत १९५० साली दोन खंडांत प्रसिद्ध केला.

ते तरुण मुळात लठ्ठ नव्हते, असा आक्षेप कोणी घेईल व तो रास्त आहे. तेव्हा लठ्ठ व्यक्तींचे उदाहरण पाहू. अमेरिकेतील दूरदर्शनवर ‘द बिगेस्ट लूजर’ नावाची वजन घटविण्याची एक स्पर्धा होत असे. तीत भाग घेतलेल्या १४ जणांची तपासणी सहा वर्षांनंतर करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. अल्पाहार व प्रचंड व्यायाम यांच्या बळावर त्यांनी सरासरी ५८ किलो वजन घटविले होते. त्यांपैकी सुमारे ४१ किलो परत आले. त्याहून आश्चर्याची बाब अशी की, सहा वर्षे उलटूनही त्यांची शरीरे अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० उष्मांक कमीच खर्च करीत होती.

ज्याचे वेतन एकाएकी निम्म्यावर येते तो गृहस्थ आधी खर्चाला कात्री लावतो आणि पुढे वेतन पूर्ववत झाले तरी धास्तीपोटी शिल्लक टाकीत राहतो. शरीराची नीतीही अशीच आहे. चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ साली व जठरातून निघणारे घ्रेलिन हे १९९९ साली शास्त्रज्ञांना गवसले. पहिले भुकेला आवर घालते, दुसरे ती चेतविते. वजन झपाट्याने उतरले की पहिले घटते व दुसरे वाढते. ऑस्ट्रेलियात ५० व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवून जो अभ्यास झाला, त्यात हा बदल एक वर्षानंतरही टिकून असल्याचे २०११ साली दिसून आले.

धोके व अपवाद

अतिशीघ्र वजन घटविल्याने पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होते वा थांबते, रक्तक्षय बळावतो. शरीरातील पोटॅशियमसारखे क्षार कमी झाल्यास हृदयाची लय बिघडू शकते. १९७७ च्या सुमारास अमेरिकेत जिलेटिनपासून बनविलेल्या द्रवरूप प्रथिनांवरच राहून वजन घटविण्याची टूम निघाली होती. तिच्यापायी सुमारे साठ व्यक्ती मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. त्यांतील अनेकांचा मृत्यू हृदयाच्या बिघाडाने अकस्मात झाला.

तथापि अत्यल्प आहाराला वैद्यकशास्त्रात मुळीच स्थान नाही, असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये मधुमेही व्यक्तींना तीन ते पाच महिने दररोज सुमारे ८५० उष्मांकांचे, सर्व पोषकद्रव्ये मोजून घातलेले द्रवान्न देण्यात आले. त्यांच्यापैकी ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह एका वर्षाअखेर औषधाविना आटोक्यात असल्याचे २०१७ साली जाहीर झाले. परंतु तेथे परिचारिका व आहारतज्ज्ञ देखरेख करीत होते, मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांत आरंभीच बदल केला होता, आणि नंतर अन्न हळूहळू वाढविण्याची योजना आखलेली होती. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घरी चालविलेल्या उपासमारीशी याची तुलना होऊ शकत नाही.

वाचक येथे आपल्या व्रतवैकल्यांचा प्रश्न उपस्थित करतील. एकादशी, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे किंवा ख्रिस्ती बांधवांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ यांचा हेतू वजन घटविणे हा नाहीच. निरोगी प्रौढाला एक दिवसाच्या उपासाने सहसा अपाय होत नाही, तसेच त्याने वजनही उतरत नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवातूनच केली असावी. साबुदाण्याची खिचडी ही पिष्ट, तूप व शेंगदाणे यांनी भरलेली असते, हे सांगावयास आहारतज्ज्ञाची गरज नाही.

मग करावे काय?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठवड्याला अर्धा किलो या गतीने वजन उतरविणे सुरक्षित मानले जाते. वजन घटविण्याचा आहारही दिवसाला १००० उष्मांकांहून कमी असू नये, असे तीत बजावले आहे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक असतात. रोज पाचशे उष्मांकांची तूट ठेवल्यास आरंभी आठवड्याला साधारण अर्धा किलो घट होते. पुढे गती मंदावते, त्याने नाउमेद होऊ नये.

ही तूट कोठून काढावी? दिवसाकाठी दोन-दोन चमचे साखरेचा पाच कप चहा म्हणजे दोनशे उष्मांक झाले. तेलाचे दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे अडीचशे. एवढे टाळले तर ताटातील अन्नाला फारसा हातच लावावा लागत नाही. भात थोडा कमी करून हुमणातला मासा, मूग, अळसांदे, अंडे यांचा वाटा वाढवावा. प्रथिनांची रोजची गरज वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला पन्नास ग्रॅम. तांबडी भाजी, दुधी, काकडी यांनी पोट भरते व उष्मांक थोडेच मिळतात. आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे झपझप चालावे आणि दोन दिवस तरी स्नायूंना भार पडेल असे काम करावे. विहिरीचे पाणी शेंदणे व बागायतीतील खोदकाम नाहीसे झाल्यावर अनेक घरांतून ते अजिबात होत नाही.

मोजण्यासाठी शिवणकामाची फीत काट्याहून अधिक उपयोगी पडते. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. वजन तेवढेच राहून घेर कमी होत असेल तर चरबी घटते आहे असे समजावे.

शिक्षकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. वरच्या वर्गातील मुली सडपातळ दिसण्याच्या हौसेने डबा न खाता परत नेतात. वाढीच्या वयातील मुलामुलींनी, तसेच गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी अन्न तोडू नये. मधुमेहावर इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणात मोठी कपात करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावे, कारण औषध तेवढेच ठेवून जेवण निम्मे केल्यास रक्तातील साखर एकदम उतरून बेशुद्धी येऊ शकते. ज्यांनी कोणत्याही कारणाने अनेक दिवस अन्न घेतलेले नाही त्यांना एकदम भरपेट जेवू घालू नये. अशा वेळी रक्तातील फॉस्फेट व इतर क्षार झपाट्याने घटून जीवास धोका पोहोचतो. त्यांना प्रथम रुग्णालयात न्यावे आणि अन्न थोडेथोडे करून वैद्यकीय देखरेखीखालीच सुरू करावे.