हिवाळी पाहुण्यांची शिरगणती

डिसेंबर महिन्यात वर्तमानपत्र उघडले की राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचे नाव वरचेवर आढळते. त्याच निफाड तालुक्यात, द्राक्षबागा आणि उसाच्या फडांमधून जाणाऱ्या रस्त्याने, सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे काही मंडळी कानटोपी घालून आणि गळ्यात दुर्बीण अडकवून गोदावरीच्या काठाकडे जाताना दिसतात. ही असते पक्षिमित्रांची सहल. थंडीने बोटे आखडलेली असताना, चिखलात उभे राहून, दूरवर तरंगणाऱ्या ठिपक्यांकडे तासन्‌तास पाहत राहणे हा अनेकांना रिकामटेकडेपणा वाटतो. परंतु ह्या हौसेतून एक मोलाचे काम घडत असते. ते काम कोणते आणि आज त्याची एवढी निकड का आहे, हे समजावून घेण्याचा प्रयत्न ह्या लेखात करावयाचा आहे.

पाहुणे येतात कोठून?

नांदूर मधमेश्वरच्या जलाशयावर हिवाळ्यात दिसणारी बहुतेक बदके परदेशी किंवा हिमालयापलीकडची असतात. तलवारीच्या टोकासारखी शेपटी असलेले तलवार बदक, थापीसारख्या रुंद चोचीने पाणी गाळून खाणारा थापट्या, डोळ्यांवर पांढरी कमान मिरविणारे भुवई बदक, आकाराने लहान असा चक्रांग आणि आपल्या प्राचीन काव्यात विरहाचे प्रतीक ठरलेला केशरी रंगाचा चक्रवाक, ही त्यांपैकी काही नावे. सायबेरिया, मध्य आशिया, तिबेट, लडाख हे त्यांचे विणीचे प्रदेश.

हे पक्षी थंडीला घाबरून येतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दाट पिसांमुळे बदकांना थंडी फारशी बाधत नाही. त्यांची अडचण निराळी आहे. उत्तरेकडील तळी गोठली की अन्न बर्फाखाली जाते. म्हणजे हे स्थलांतर मुख्यतः पोटासाठी आहे. ऑक्टोबरपासून ते आपल्याकडे येऊ लागतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत परतीच्या वाटेला लागतात. ज्या आकाशमार्गाने ते येतात त्याला ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ असे म्हणतात. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला हा मार्ग सुमारे ३० देशांवरून जातो. आपल्या राज्यातील मोठ्या जलाशयांवर उतरणारा पट्टकादंब हा हंस तर हिमालय ओलांडून येतो. त्याच्या पाठीवर बसविलेल्या यंत्रांनी ७,००० मीटरहून अधिक उंचीची नोंद केलेली आहे.

एवढ्या प्रवासाचे इंधन म्हणजे अंगात साठविलेली चरबी. परतीच्या प्रवासासाठी ही चरबी पुन्हा साठवावी लागते, आणि ती आपल्याच तळ्यांतील वनस्पती, बिया, किडे आणि शंख-शिंपल्यांतून मिळते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

गाळाने घडविलेले अभयारण्य

गोदावरी आणि कादवा ह्या नद्यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या आरंभी, कालव्यांना पाणी देण्यासाठी ब्रिटिश अमदानीत एक बंधारा बांधण्यात आला. पुरासोबत येणारा गाळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला. त्यामुळे पाण्याची साठवण घटली, पण त्याच गाळाची बेटे झाली, उथळ डबकी तयार झाली आणि काठाने पाणकणीस माजले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जो तोटा होता तो पक्ष्यांच्या दृष्टीने लाभ ठरला. बहुतेक बदकांना आणि लांब पायांच्या पक्ष्यांना खोल पाणी उपयोगाचे नसते. पाण्यात उलटे होऊन तळाशी चोच पोहोचेल एवढीच खोली त्यांना हवी असते. १९८६ साली हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. आजवर येथे अडीचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे आणि ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ असा त्याचा लौकिक आहे.

हा लाभ मात्र नाजूक आहे. वरच्या धरणांतून पाणी सुटले की उथळ जागा बुडतात. शहरांचे सांडपाणी नदीत मिसळले की जलपर्णी फोफावते आणि उघडे पाणी झाकून टाकते. त्याच पाण्यावर शेती, पिण्याच्या योजना आणि मासेमारी अवलंबून आहे. म्हणून येथे पक्षी विरुद्ध माणूस असा सोपा झगडा नाही. पाणी निरोगी राहिले तर दोघांचेही भले आहे.

सहल कशी असते?

चापडगाव येथील निरीक्षण मनोऱ्याजवळ उजाडण्यापूर्वी पोहोचावे, असा जाणत्यांचा आग्रह असतो. धुके विरळ होऊ लागले की प्रथम आवाज कळतात, मग आकार आणि शेवटी रंग. स्थानिक तरुण वाटाडे म्हणून सोबत येतात. कोणत्या बेटामागे काय बसलेले असते हे त्यांना तोंडपाठ असते.

नवख्या माणसाने नावांच्या मागे लागू नये. आधी पक्षी काय करतो ते पाहावे. शेपूट वर करून डोके पाण्यात घालणारी बदके निराळी आणि पूर्ण बुडी मारणारी निराळी. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा दिसणारा वारकरी पक्षी बदक नव्हेच. तो पाणकोंबडीच्या कुळातील आहे. काठाच्या चिखलात तुतारी, चिखल्या आणि शेकाट्या एकाच जागी चरताना दिसतात, पण त्यांच्या चोचींची लांबी सारखी नसते. कोणी वरचे किडे टिपतो, कोणी खोल रुतलेले. एकाच ताटात जेवूनही त्यांच्यात भांडण का होत नाही, ह्याचे उत्तर त्या चोचींत आहे.

मोजणी कशासाठी?

पाहून झाले की मोजणी सुरू होते. हजारोंचा थवा मोजायचा कसा? त्याची रीत साधी आहे. दहा पक्षी एकेक करून मोजावयाचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ते नजरेत साठवावयाचे आणि तशा किती जागा थव्यात भरतात ते पाहावयाचे. दोघांनी स्वतंत्र मोजावे आणि आकडे ताडून पाहावेत. एखादी जात मुळीच दिसली नाही तर तीही गोष्ट महत्त्वाची मानावी. दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत भारतातील हौशी निरीक्षक १९८७ पासून हेच काम करीत आले आहेत.

ह्या आकड्यांना वजन आहे. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. एखाद्या जागेवर नियमितपणे २०,००० किंवा त्याहून अधिक पाणपक्षी येत असतील, अथवा एखाद्या जातीच्या समुदायापैकी १ टक्का पक्षी येत असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते, असे त्याच्या निकषांपैकी दोन निकष सांगतात. कोणीतरी वर्षानुवर्षे मोजल्याखेरीज हे सिद्ध कसे व्हावे? २०२० च्या जानेवारीत नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पुढे लोणार आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी ह्यांनाही तो दर्जा मिळाला.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेला अहवाल सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या जवळपास ३ कोटी नोंदींवर आधारलेला होता. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांपैकी ६० टक्के जातींत घट आढळली. घटणाऱ्यांत थापट्या, तलवार बदक आणि चक्रांग ह्यांचा समावेश आहे. म्हणजे नांदूरच्या मनोऱ्यावरून ज्यांना आपण ‘नेहमीचीच बदके’ म्हणून मागे टाकतो, तीच हळूहळू उणी होत आहेत. एका हिवाळ्यात ही घट डोळ्यांना जाणवत नाही. ती कळते ती वह्यांतील जुन्या आकड्यांवरूनच.

पाहुण्यांशी वागताना

आता चरबीची गोष्ट आठवावी. छायाचित्रात उडता थवा यावा म्हणून कोणी टाळी वाजवितो, खडा फेकतो किंवा नाव थेट थव्यात घालतो. प्रत्येक वेळी उडताना पक्षी परतीच्या प्रवासाची शिदोरी खर्च करतो आणि चरण्याची वेळही गमावतो. दिवसातून अनेक गट आले आणि प्रत्येकाने एकदा थवा उठविला, तर त्या पक्ष्याने पोट भरावे केव्हा? म्हणून पथ्ये सोपी आहेत. मळकट रंगाचे कपडे घालावेत, हळू बोलावे, पक्ष्यांनी माना उंचावल्या की तेथेच थांबावे, ड्रोन उडवू नये, प्लॅस्टिक परत न्यावे. पायात कडी असलेला पक्षी दिसल्यास तिच्यावरील अक्षरे टिपून घ्यावीत. थवा जसा बसलेला होता तसाच मागे सोडून येणे, ही उत्तम सहलीची खूण होय.

वाचकहो, ह्यासाठी निफाडलाच गेले पाहिजे असे नाही. पुणेकरांना उजनीच्या फुगवट्यावरील भिगवण आहे, वसई-ठाणेकरांना खाड्या आणि मिठागरे आहेत, आणि पुष्कळांच्या गावाबाहेर एखादे दुर्लक्षित तळे आहे. आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळे हिवाळ्यात सहली काढतातच. त्यांपैकी एक सहल अशा पाण्याकाठी न्यावी, सोबत एखादा जाणता पक्षिमित्र घ्यावा आणि एक वही ठेवावी. मात्र पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच काठावर पुन्हा जावे. एका वर्षाच्या आकड्याने फारसे काही सिद्ध होत नाही. दहा वर्षांच्या आकड्यांनी ते तळे बुजविण्यापासून कदाचित वाचविता येईल.