खप कमी म्हणजे खेळ कमी नव्हे

कर्जत स्टेशनाच्या भिसेगावच्या बाजूने सकाळच्या लोकलला येणाऱ्या पोरांच्या हातात मोबाइल आडवाच असतो. बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स, नाहीतर लुडो. गाडी कर्जतहूनच सुटते, म्हणजे बसायला जागा. सीएसएमटी शंभर किलोमीटर लांब, म्हणजे दोन तासांहून अधिक वेळ. यातल्या कुणालाही विचारा, चांगला गेम कोणता? उत्तर ठरलेलं असतं: जो सगळे खेळतात तो. व्हिडिओ गेमच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या इतिहासाशी मात्र हे उत्तर जुळत नाही. खप आणि दर्जा यांचे हिशेब दोन वेगळ्या वह्यांत लिहिलेले असतात आणि आपण एकाच वहीत बघून निकाल देतो.

गैरसमज १ : गेम चांगला असेल तर तो खपतोच.

वस्तुस्थिती : कर्जतचा वडा चविष्ट आहे यात वाद नाही. पण तो मुंबई-पुणे गाजला, कारण बोरघाट चढण्याआधी गाड्यांना मागून बँकर इंजिन लावायला कर्जतला थांबावं लागतं. तितकाच चांगला वडा गाडी न थांबणाऱ्या स्टेशनावर तळला असता तर गावाबाहेर कुणाला कळलाही नसता. गेमच्या बाबतीत प्रकाशनाची तारीख म्हणजे हा थांबा.

‘टायटनफॉल २’ हा नेमबाजीचा गेम २८ ऑक्टोबर २०१६ ला बाजारात आला. एकट्याने खेळायचा त्याचा कथाभाग आजही या प्रकारातल्या उत्तम कामांत मोजला जातो. पण आदल्याच आठवड्यात, २१ तारखेला, ‘बॅटलफील्ड १’ आला होता आणि पुढच्या आठवड्यात, ४ नोव्हेंबरला, ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा नवा भाग येणार होता. त्यातही गंमत अशी की ‘बॅटलफील्ड १’ आणि ‘टायटनफॉल २’ या दोन्हींची प्रकाशक कंपनी एकच, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स. घरचीच दोन दुकानं समोरासमोर लागली आणि धाकट्याचा गल्ला रिकामा राहिला.

‘व्हॅम्पायर : द मास्करेड – ब्लडलाइन्स’ची गत याहून वाईट. तो ज्या सॉफ्टवेअरवर उभारला होता ते व्हॉल्व्ह कंपनीचं होतं आणि करारानुसार व्हॉल्व्हच्या ‘हाफ-लाइफ २’च्या आधी तो आणता येत नव्हता. शेवटी दोन्ही एकाच दिवशी आले, १६ नोव्हेंबर २००४. वर्षातल्या सगळ्यात गाजलेल्या गेमसमोर उभं राहायची वेळ आली. ‘ब्लडलाइन्स’ बनवणारा ट्रॉइका हा स्टुडिओ पुढच्या फेब्रुवारीत बंद पडला.

गैरसमज २ : ‘आपटला’ म्हणजे फार थोड्या प्रती विकल्या गेल्या.

वस्तुस्थिती : यश-अपयश ठरतं ते खर्च आणि अपेक्षा यांच्या तुलनेत. २०१३ च्या ‘टूम रेडर’च्या महिन्याभरात ३४ लाख प्रती गेल्या, तरी प्रकाशक स्क्वेअर एनिक्सने विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचं जाहीर केलं. दोन-चार जणांच्या स्टुडिओला यातला शंभरावा हिस्सा मिळाला तरी पुढच्या गेमची सोय होते. म्हणून नुसता आकडा ऐकून गेम चालला की पडला हे सांगता येत नाही.

गैरसमज ३ : पडलेल्या गेममध्ये काहीतरी खोट असणारच.

वस्तुस्थिती : ‘ओकामी’ हा जपानी गेम २००६ चा. सूर्यदेवी आमातेरासू पांढऱ्या लांडग्याच्या रूपात अवतरते आणि शाप लागलेल्या भूमीला पुन्हा जीव देते, अशी कथा. सारं दृश्य शाईच्या चित्रासारखं. खेळता खेळता एक बटण दाबलं की जग थबकतं, पडद्याचा कागद होतो आणि हातात कुंचला येतो. आकाशात एक गोल काढला की सूर्य उगवतो, रात्रीचा दिवस होतो. वाळक्या झाडाभोवती गोल काढला की ते फुलतं. तुटलेल्या पुलावर रेघ ओढली की पूल सांधतो. शत्रूवर आडवी रेघ मारली की तोच तलवारीचा वार. लढाई, कोडी, प्रवास, सगळं या एका कुंचल्यातून.

समीक्षकांनी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम गेमांत गणलं. लोकांनी तो घेतला नाही. बनवणारा क्लोव्हर स्टुडिओ बंद करत असल्याचं कॅपकॉम कंपनीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. पुढे गिनीजच्या पुस्तकात ‘वर्षातला सर्वोत्तम’ ठरलेल्या गेमांपैकी व्यापारात सगळ्यात मागे राहिलेला, अशी त्याची नोंद झाली. खोट कुठे होती? तो ज्या प्लेस्टेशन २ वर आला त्याचं आयुष्य उतरणीला लागलं होतं, प्लेस्टेशन ३ दारात उभा होता आणि लांडग्याच्या हाती कुंचला देणाऱ्या गेमची जाहिरात एका वाक्यात करता येत नव्हती.

गैरसमज ४ : न खपलेला प्रत्येक गेम म्हणजे दुर्लक्षित हिरा.

वस्तुस्थिती : चाहत्यांचा हा लाडका गैरसमज, आणि तोही तितकाच खोटा. न खपलेले बहुतेक गेम विसरण्यासारखेच असतात. उलट, खपूनही वाईट असलेले गेम आहेत. अटारीचा १९८२ चा ‘ई.टी.’ घ्या. नाताळ गाठायचा म्हणून तो पाचेक आठवड्यांत उरकला. सिनेमाच्या नावावर सुमारे १५ लाख प्रती गेल्याही, पण बनवल्या होत्या त्याहून कितीतरी जास्त. उरलेल्यातला काही माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरला. लाखो ‘ई.टी.’ तिथे गाडले आहेत अशी दंतकथा तीस वर्षं चालली. २०१४ मध्ये खणून पाहिलं तेव्हा कळलं की तिथे अटारीच्या अनेक गेमांची मिळून सुमारे ७ लाख २८ हजार कार्ट्रिज पुरली होती, ‘ई.टी.’ हा त्यातला एक भाग.

गैरसमज ५ : एकदा पडला की पडला. किंवा उलट, चांगल्या गेमला आज ना उद्या न्याय मिळतोच.

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धसत्य. ‘सायकोनॉट्स’ (२००५) माणसांच्या मनात शिरून खेळायचा अफलातून गेम. पहिल्या वर्षात त्याच्या लाखभरही प्रती गेल्या नाहीत. २०११ मध्ये हक्क बनवणाऱ्या डबल फाइन स्टुडिओकडे परत आले. त्यांनी तो नव्या संगणकांवर चालेल असा केला, स्वस्तात विकला, आणि २०१५ च्या अखेरीस एकूण आकडा १७ लाखांच्या आसपास पोचला. २०२१ मध्ये दुसरा भाग आला. ‘अमंग अस’ तर जून २०१८ मध्ये आला तेव्हा एका वेळी पन्नासेक माणसंही खेळत नव्हती. दोन वर्षांनी टाळेबंदीत घरी अडकलेल्या लोकांनी तो उचलला आणि आपल्याकडच्या कॉलेजच्या ग्रुपांतही ‘तू इम्पोस्टर’ (टोळीत लपलेला गद्दार) सुरू झालं. मधल्या काळात गेमचा गाभा तोच होता. बदलली होती परिस्थिती. ‘ओकामी’चाही नवा भाग डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला, अठरा वर्षांनी.

पण या नशीबवानांच्या गोष्टी. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी तिथे निघालेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. हक्क कुणाकडे आहेत याचा घोळ, बंद पडलेली यंत्रं, बुडालेल्या कंपन्या. न्याय मिळायला आधी गेम हाती तरी यावा लागतो.

गैरसमज ६ : असे गेम परदेशात बनतात, आपल्याकडे नाही.

वस्तुस्थिती : कर्जतहून घाट चढला की पुणं. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ बनवला. सर्कशीत कसरती करणारी राजी, असुरांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, हातात त्रिशूळ, आणि कथा सांगायला साक्षात दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी वाडे-महाल आणि पहाडी चित्रशैलीचे रंग. मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे येतात. त्याची प्रेरणा बालीची, पण कुडाळजवळच्या पिंगुळीत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्या माणसाला ती पद्धत परकी वाटणार नाही.

२०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी काम चालू राहिलं, ‘अनरियल इंजिन’ हे गेम उभारायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक कंपनीचं अनुदान मिळालं आणि १८ ऑगस्ट २०२० ला गेम आला. वर्षअखेरीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. बक्षीस ‘फॅस्मोफोबिया’ने नेलं, पण जगभरातून निवडलेल्या मोजक्या नावांत पुण्याचं एक होतं.

मग स्टेशनावरच्या पोरांना तो माहीत का नाही? एक कारण साधं आहे. ‘राजी’ पहिल्यांदा आला तो निन्टेन्डो स्विचवर, आणि ते यंत्र भारतात कंपनीकडून अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. बाहेरून आणलेलं, वॉरंटीशिवाय, दुकानदार म्हणेल त्या भावाला. पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्या माणसाला खेळायचा तर आधी परदेशी यंत्र शोधा! संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर तो १५ ऑक्टोबरला आला. आपल्याकडे खेळणाऱ्यांची मोठी फौज मात्र फोनवर.

गैरसमज ७ : फुकटचे गेम भारी असतात म्हणून इतके चालतात.

वस्तुस्थिती : ते सहज मिळतात म्हणून चालतात. फुकटच्या गेमची कमाई आतल्या पोशाखांवर आणि पासांवर असते. त्यासाठी तुम्ही रोज परत यायला हवं, म्हणून सगळी रचना तुम्हाला रोज बोलावणारी. विकतचा गेम एकदाच पैसे घेतो आणि संपतो. ‘राजी’ पाच-सहा तासांत पुरा होतो. दोन्हींत वाईट काही नाही, पण डाउनलोडच्या आकड्यावरून त्यांची तुलना करणं चुकीचं.

आणि पैशाचं म्हणाल तर दुर्लक्षित गेम खेळायला महागडं यंत्र लागतं हीसुद्धा समजूतच. ‘सायकोनॉट्स’, ‘ब्लडलाइन्स’ वीस वर्षांपूर्वीच्या संगणकांसाठी बनलेले, त्यामुळे कॉलेजच्या कामाच्या साध्या लॅपटॉपवरही बहुधा चालतात. ‘ब्लडलाइन्स’मधल्या चुका चाहते आजवर स्वतः दुरुस्त करत आलेत, ती दुरुस्ती आधी घाला. स्टीम या ऑनलाइन दुकानात किमती रुपयांत असतात आणि सेलमध्ये बऱ्याच उतरतात. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. तेवढ्यात कळतं, आपल्याला झेपतंय की नाही.

एकच लक्षात ठेवायचं. जुन्या, न गाजलेल्या गेमच्या जाहिरातीवर कुणी पैसा घालत नाही. ‘सायकोनॉट्स’ तरला आणि ‘अमंग अस’ उसळला तो खेळणाऱ्यांनी एकमेकांना सांगितलं म्हणूनही. तेव्हा आवडला तर चार जणांना नाव घेऊन सांगा, आणि फुकट कॉपी करून देण्याऐवजी विकत घ्यायला लावा; छोट्या स्टुडिओचा पुढचा गेम त्यावरच ठरतो.