घटक ४ : फॉन्टच्या शैलींची आणि वजनांची नावे

४.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस

– फॉन्टचे कुलनाम आणि शैलीनाम यांतील फरक सांगता येईल;
– एकाच फॉन्टची नावे वेगवेगळ्या संगणक-प्रणालींत वेगळी का दिसतात, हे स्पष्ट करता येईल;
– ‘कृत्रिम ठळकपणा’ देवनागरीच्या वाचनीयतेला कसा बाधक ठरतो, हे उदाहरणांनी दाखवता येईल;
– या नावांचा भाषावैज्ञानिक दृष्टीने विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव आहे. महाराष्ट्रात तळेगाव दाभाडे, तळेगाव ढमढेरे, तळेगाव दशासर अशी आणखीही तळेगावे आहेत. गावात राहणारा माणूस नुसते ‘तळेगाव’ म्हणतो आणि ते पुरते. मात्र पत्रावर, शासकीय यादीत किंवा नकाशावर पुढचे विशेषण आवश्यक होते, कारण तेथे नाव एकटे नसते. ते अनेक सारख्या नावांच्या रांगेत उभे असते. ‘तळेगाव’ हा भाग गावांना एकत्र आणतो, तर ‘श्यामजी पंत’ हा भाग त्यांना वेगळे करतो.

फॉन्टच्या नावांचीही रचना अशीच द्विदल आहे. संगणकावर मराठी मजकूर सिद्ध करताना आपण ‘मुक्ता’, ‘मुक्ता लाइट’, ‘मुक्ता सेमीबोल्ड’ अशी नावे पाहतो. ही नावे कोठून येतात, सर्वत्र सारखी का दिसत नाहीत आणि मराठीच्या अभ्यासकाने त्यांची दखल का घ्यावी, हा या घटकाचा विषय आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ कुलनाम आणि शैलीनाम

एकाच आराखड्यावर बेतलेल्या अक्षरसंचांच्या समूहाला आपण ‘फॉन्टकुल’ म्हणू. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने सिद्ध केलेले ‘मुक्ता’ हे असे एक कुल आहे. त्यात एक्स्ट्रालाइट, लाइट, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्ड अशी सात वजने आहेत. ‘वजन’ म्हणजे अक्षराच्या रेषेची जाडी. ‘शैली’ ही संज्ञा अधिक व्यापक असून तिच्यात वजनाबरोबर तिरपेपणा आणि रुंदी यांचाही समावेश होतो.

खिळ्यांच्या छपाईत हा भेद डोळ्यांना दिसत असे. साध्या आणि काळ्या टाइपाचे खिळे वेगवेगळे असत, आणि जुळाऱ्याला कोणता खिळा कोठून उचलायचा हे ठाऊक असे. संगणकात खिळा नाही. आहे ते केवळ नाव. म्हणून नावातील घोटाळा हा थेट अक्षरातील घोटाळा ठरतो.

४.३.२ नाव कोठे साठवलेले असते?

आज प्रचलित असलेल्या ओपनटाइप पद्धतीच्या फॉन्टमध्ये अक्षरांच्या आकृत्यांबरोबर माहितीची काही कोष्टके असतात. त्यांपैकी एक कोष्टक नावांचे असते आणि त्यातील प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. नोंद १ कुलनामाची आणि नोंद २ शैलीनामाची. परंतु या जोडीवर जुन्या विंडोज व्यवस्थेचे एक बंधन आहे. त्या व्यवस्थेनुसार एका कुलात चारच सदस्य मावतात : साधा, ठळक, तिरपा आणि ठळक-तिरपा. कुलनामही ३१ वर्णचिन्हांहून मोठे असून चालत नाही.

सात वजनांचे कुल चार जागांत कसे बसवायचे? यावर तोडगा असा काढला गेला की रेग्युलर आणि बोल्ड यांना ‘मुक्ता’ याच कुलात ठेवायचे आणि उरलेल्या प्रत्येक वजनाला स्वतंत्र कुल मानायचे. अशा रीतीने ‘मुक्ता लाइट’ हे शैलीसहित नाव स्वतःच कुलनाम बनले. खरे नाते हरवू नये म्हणून नोंद १६ आणि १७ यांत पूर्ण कुलनाम आणि खरे शैलीनाम पुन्हा नोंदवले जाते. याशिवाय दुसऱ्या एका कोष्टकात वजनाचा अंक असतो. सामान्यतः १०० ते ९०० अशी ही श्रेणी असून ४०० म्हणजे रेग्युलर, ७०० म्हणजे बोल्ड.

४.३.३ दोन प्रणाली, दोन याद्या

आता एकच फॉन्ट दोन ठिकाणी दोन प्रकारे का दिसतो, हे लक्षात येईल. विंडोजवरील वर्डसारखी प्रणाली परंपरेने पहिल्या जोडीवर विसंबते. तिच्या यादीत ‘मुक्ता’ आणि त्याखाली ‘मुक्ता एक्स्ट्राबोल्ड’, ‘मुक्ता एक्स्ट्रालाइट’, ‘मुक्ता लाइट’, ‘मुक्ता मीडियम’, ‘मुक्ता सेमीबोल्ड’ अशी एकूण सहा नावे येतात. हा क्रम रोमन वर्णानुक्रम आहे. त्यामुळे सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक वजन शेजारी बसतात. सातवे वजन, म्हणजे बोल्ड, यादीत दिसतच नाही. ते ‘ठळक’ या बटणामागे असते.

इनडिझाइनसारखी पृष्ठरचनेची प्रणाली दुसरी जोडी वाचते. तेथे ‘मुक्ता’ हे एकच नाव दिसते आणि ते उघडल्यावर सातही वजने हलक्याकडून जाडकडे अशी क्रमाने येतात. विंडोजमधील ‘निर्मला यूआय’ या फॉन्टबाबतही हेच अनुभवता येते : त्याचे ‘सेमीलाइट’ हे वजन एका यादीत स्वतंत्र फॉन्ट वाटते, तर दुसऱ्या यादीत त्याच कुलाची एक शैली.

नावातील प्रत्येक अंक वजनाचा असतो, असे मात्र समजू नये. अॅपलच्या संगणकांवरील ‘श्री देवनागरी ७१४’ या नावातील ७१४ हा त्या अक्षरवळणाचा अनुक्रमांक आहे. याउलट आद्रियां फ्रुटिगर यांच्या १९५७ सालच्या ‘युनिव्हर्स’ या रोमन फॉन्टकुलात ५५ म्हणजे साधा आणि ६५ म्हणजे ठळक. तेथे पहिला अंक वजनच सांगतो. तेव्हा अंकाचा अर्थ त्या त्या व्यवस्थेतूनच ठरतो.

४.३.४ ठळक बटण आणि कृत्रिम ठळकपणा

आपण ‘मुक्ता’ निवडून ठळक बटण दाबले, तर प्रणाली कुलातील खरा बोल्ड आणते. परंतु ‘मुक्ता लाइट’ निवडून तेच बटण दाबले तर? पहिल्या जोडीच्या दृष्टीने ‘मुक्ता लाइट’ हे एकसदस्यीय कुल आहे. त्याला ठळक भावंड नाही. अशा वेळी अनेक प्रणाली अक्षराच्या रेषा यांत्रिकपणे फुगवतात. यालाच कृत्रिम ठळकपणा म्हणतात.

रोमन लिपीत यामुळे अक्षर कुरूप होते. देवनागरीत ते दुसरे अक्षर होऊ शकते. ‘भ’ आणि ‘म’, तसेच ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातील मुख्य भेद शिरोरेषेतील छोट्या खंडावर अवलंबून असतो. रेषा सर्व बाजूंनी फुगली की हा खंड बुजू लागतो. लहान आकारात छापलेले ‘भरण’ मग ‘मरण’ भासते, ‘धन’ ‘घन’ भासते. अनुस्वार वेलांटीला चिकटतो, रफार मात्रेत मिसळतो. कुशल अक्षररचनाकार ठळक वजन रेखाटताना याच जागा मुद्दाम मोकळ्या राखतो. यंत्राला ते भान नसते.

समजा, आपण तळेगाव परिसरातील वऱ्हाडी शब्दांची सूची प्रकल्प म्हणून करीत आहात. ‘पोट्टं’, ‘कायले’ हे नोंदशब्द सेमीबोल्डमध्ये, व्याकरणिक माहिती लाइटमध्ये आणि अर्थ रेग्युलरमध्ये, अशी आपली योजना आहे. सूचीची धारिका छपाईसाठी नागपूरला गेली आणि तेथील संगणकावर ‘मुक्ता सेमीबोल्ड’ नसेल, तर प्रणाली दुसराच एखादा फॉन्ट योजते. शब्द शिल्लक राहतात; पण नोंद कोणती, टीप कोणती आणि अर्थ कोणता, हे सांगणारी व्यवस्था नाहीशी होते. ज्या बोलीची लिखित नोंद मुळातच थोडी आहे, तिच्या बाबतीत ही हानी किरकोळ म्हणता येत नाही.

४.३.५ भाषावैज्ञानिक विचार

यादीत ‘मुक्ता रेग्युलर’ असे न दिसता केवळ ‘मुक्ता’ दिसते. मराठीत प्रथमेच्या एकवचनाला दृश्य प्रत्यय नसतो, तरी तेथे विभक्ती असतेच. आपण तिला शून्य प्रत्यय म्हणतो. ‘रेग्युलर’ हे शैलीनामांतील असेच अचिन्हित रूप आहे. चिन्ह लागते ते त्यापासून दूर जाणाऱ्या रूपांना.

दुसरे असे की ही नावे श्रेणीवाचक विशेषणे आहेत. ‘उंच-ठेंगू’ याप्रमाणे ‘हलका-ठळक’ यांनाही निश्चित सीमा नाही. एडवर्ड सपीर यांनी १९४४ सालच्या आपल्या लेखात श्रेणीवाचक शब्दांमागे नेहमी तुलना दडलेली असते, हे दाखवले आहे. एका कुलातील मीडियम दुसऱ्या कुलातील सेमीबोल्डएवढा जाड असू शकतो. सोस्यूरच्या परिभाषेत सांगायचे, तर ‘मीडियम’ला स्वतंत्र आशय नाही, लाइट आणि बोल्ड यांच्यामधील स्थानामुळे त्याला मूल्य मिळते.

४.३.६ मराठी नावांचा प्रश्न

नावांच्या कोष्टकात प्रत्येक नोंदीसोबत भाषेचा सांकेतिक अंक देता येतो आणि विंडोजच्या व्यवस्थेत मराठीला ११०२ हा अंक आहे. म्हणजे शैलीनाम मराठीत दाखवण्याची सोय तत्त्वतः उपलब्ध आहे. अडचण आहे ती परिभाषेची. ‘बोल्ड’साठी ‘ठळक’ हा शब्द रुळला आहे. तो ‘धीट’ या शब्दशः अर्थाला धरून बसला नाही, म्हणूनच रुळला. परंतु ‘सेमीबोल्ड’, ‘मीडियम’ आणि ‘एक्स्ट्राबोल्ड’ यांना ‘अर्धठळक’, ‘मध्यम’ आणि ‘अतिठळक’ म्हटले, तर श्रेणी स्पष्ट राहते का, याचा विचार आपण करावा.

‘तिरपे’ या शैलीचा प्रश्न अधिक खोल आहे. रोमन इटालिक हे हस्तलेखनाच्या वळणातून आलेले स्वतंत्र अक्षर असून व्हेनिसच्या आल्दुस मानुतियसने १५०१ साली ते छपाईत रूढ केले. देवनागरी मुद्रणात असा जोडीदार परंपरेने नाही. ‘कोकिळा’, ‘उत्साह’, ‘अपराजिता’ या विंडोजवरील फॉन्टकुलांत तिरपी वजने दिली आहेत. परंतु अनेक देवनागरी कुलांत ती नाहीत आणि बटण दाबल्यावर अक्षर केवळ कलंडते. म्हणून मराठीत ग्रंथनाम किंवा भर दाखवण्यासाठी अवतरणचिन्हे अथवा खरे ठळक वजन वापरणे श्रेयस्कर.

आपली प्रगती तपासा

१. सात वजनांचे ‘मुक्ता’ एका यादीत सहा नावांनी का दिसते?
२. ‘शून्य प्रत्यय’ या संकल्पनेचा ‘रेग्युलर’शी संबंध सांगा.

४.४ व्यवहारातील दक्षता

मजकुरासाठी साधा व ठळक या जोडीने जेवढे काम भागते, तेवढे त्याच जोडीने करावे. मधली वजने हवी असल्यास ती यादीतून नावानेच निवडावीत. त्यांवर ठळक बटण दाबू नये. नोंदशब्द, अर्थ, टीप यांना स्वतंत्र अक्षरशैली ठरवून द्याव्यात, म्हणजे फॉन्ट बदलला तरी भेद टिकतो. मुद्रणालयाकडे धारिका देताना फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रत सोबत द्यावी आणि वापरलेल्या वजनांची नावे कागदावर लिहून द्यावीत.

४.५ सारांश

फॉन्टचे नाव कुल आणि शैली अशा दोन घटकांचे असते. चार सदस्यांच्या जुन्या बंधनामुळे त्याच्या दोन नोंदी ठेवल्या जातात, आणि कोणती प्रणाली कोणती नोंद वाचते यावर यादीचे रूप ठरते. ठळक बटणामागे खरे वजन नसल्यास अक्षर फुगवले जाते आणि देवनागरीतील सूक्ष्म भेद धोक्यात येतात. ही नावे अचिन्हितता, श्रेणी आणि मूल्य या भाषावैज्ञानिक संकल्पनांचीही उत्तम उदाहरणे आहेत.

४.६ स्वाध्याय

१. कृत्रिम ठळकपणाचे देवनागरीवरील परिणाम सोदाहरण लिहा.
२. आपल्या परिसरातील एकाच पूर्वपदाची व भिन्न विशेषणांची ग्रामनामे जमवा आणि त्यांची तुलना फॉन्टच्या नावांशी करा. साम्य कोठे संपते, तेही नोंदवा.
३. उपक्रम : ‘भ-म’ आणि ‘ध-घ’ यांच्या दहा शब्दजोड्या खऱ्या व कृत्रिम ठळक रूपांत लहान आकारात छापून घ्या. त्या पाच वाचकांकडून वाचून घ्या आणि कोणती जोडी किती जणांनी चुकीची वाचली, याचा तक्ता तयार करा.