रक्तवाहिनीजन्य स्मृतिभ्रंश
रक्तवाहिनीजन्य स्मृतिभ्रंश किंवा व्हॅस्क्युलर डिमेन्शिया हा मेंदूचा रक्तपुरवठा खंडित अथवा अपुरा झाल्यामुळे उद्भवणारा आजार आहे. यात विचार, नियोजन, स्मरण आणि दैनंदिन व्यवहार सांभाळण्याच्या क्षमता कमी होत जातात. स्मृतिभ्रंशाच्या प्रकारांमध्ये अल्झायमरच्या आजारानंतर याचा क्रम लागतो. अनेक रुग्णांमध्ये हे दोन्ही आजार एकत्र आढळतात. भारतात अशा रुग्णांची शुश्रूषा मुख्यतः घरीच केली जाते.

इतिहास
ओटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये मेंदूच्या अंतर्भागातील पांढऱ्या द्रव्याच्या ऱ्हासाशी संबंधित स्मृतिभ्रंशाचे वर्णन केले. पुढे दीर्घकाळ वार्धक्यातील बुद्धिऱ्हासाचे खापर सरसकट रक्तवाहिन्या कठीण होण्यावर फोडले जात असे. १९७४ मध्ये व्लादिमीर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा समज खोडून काढला. रक्तवाहिन्यांमुळे स्मृतिभ्रंश होतो तेव्हा तो मेंदूतील लहान-मोठे भाग रक्ताअभावी मृत झाल्यामुळे होतो, असे त्यांनी मांडले.

कारणे
मोठ्या रक्तवाहिनीत अडथळा येऊन झालेला पक्षाघात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दीर्घकालीन आजार आणि मेंदूतील रक्तस्राव ही प्रमुख कारणे होत. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि हृदयाचे अनियमित ठोके यांमुळे धोका वाढतो. पहिल्या पक्षाघातानंतर सुमारे दहापैकी एका रुग्णाला नव्याने स्मृतिभ्रंश होतो. पक्षाघात पुन्हा झाल्यास हे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक होते. त्यामुळे दुसरा पक्षाघात टाळणे हे उपचाराचे मध्यवर्ती उद्दिष्ट असते.

लक्षणे आणि निदान
अल्झायमरमध्ये बहुधा विस्मरण प्रथम दिसते. या आजारात मात्र विचारांची गती मंदावणे, कामाचा क्रम न लावता येणे, निर्णय न घेता येणे आणि लक्ष विचलित होणे ही लक्षणे आधी दिसू शकतात. चाल अडखळणे, लघवीवरील ताबा जाणे, उदासीनता आणि विनाकारण रडू वा हसू येणे हीही लक्षणे आढळतात. पक्षाघातानंतर प्रकृती एकाएकी ढासळते, काही काळ स्थिर राहते आणि पुन्हा ढासळते. अशा पायरीपायरीने होणाऱ्या घसरणीमुळे स्थिर काळात कुटुंबीयांना आजार थांबल्यासारखा वाटतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजारात ऱ्हास हळूहळू होतो.

निदानासाठी पूर्वेतिहास, बौद्धिक क्षमतेच्या चाचण्या आणि मेंदूचे एमआरआय किंवा सीटी स्कॅन यांचा आधार घेतला जातो. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि नैराश्य यांमुळे अशीच लक्षणे दिसू शकतात. त्यांवर उपचार शक्य असल्याने त्यांची तपासणी आवश्यक असते.

उपचार
मृत झालेला मेंदूचा भाग पूर्ववत करणारे औषध उपलब्ध नाही. रक्तदाब व साखर नियंत्रणात ठेवणे, डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ करणारी औषधे नियमित घेणे, तंबाखू सोडणे आणि व्यायाम यांवर भर दिला जातो. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे आणि बोलणे अस्पष्ट होणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. चिडचिड किंवा भास यांसाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांमुळे वृद्ध स्मृतिभ्रंश रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून ती शक्यतो अल्पकाळ आणि वैद्यकीय देखरेखीखाली वापरली जातात.

कौटुंबिक शुश्रूषा
२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतातील ६० वर्षांवरील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. शुश्रूषेचा भार बहुतांशी पत्नी, मुलगी किंवा सून यांच्यावर पडतो. झोपेचा अभाव, उत्पन्न बुडणे, एकटेपणा आणि नैराश्य हे त्याचे सामान्य परिणाम होत. रुग्णाचा हट्ट वा निष्क्रियता हा स्वभावदोष समजला गेल्यास घरात कलह वाढतो. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी मेंदूच्या इजेतून उद्भवलेल्या असू शकतात.

ठरावीक दिनक्रम, एका वेळी एकच सोपी सूचना, वाद न घालता लक्ष दुसरीकडे वळवणे, पुरेसा प्रकाश आणि घसरणार नाही अशी फरशी यांचा उपयोग होतो. गिळण्यास त्रास असल्यास रुग्णाला बसवून हळूहळू भरवावे लागते.

गोव्यातील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते, जे डॉक्टर नव्हते, सहा महिने घरी जाऊन कुटुंबांना माहिती, आधार आणि वर्तन हाताळण्याचे मार्गदर्शन देत होते. यामुळे शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वर्तनामुळे होणारा त्यांचा मनस्ताप कमी झाला. तज्ज्ञांची संख्या अपुरी असली तरी कुटुंबांना मदत पोहोचवता येते, हे या चाचणीतून दिसून आले.

दाट वस्तीतील शुश्रूषा
मुंबईतील वरळी कोळीवाडा समुद्रालगत वसलेला आहे. अशा वस्तीत शुश्रूषेचे प्रश्न वेगळे असतात. अरुंद गल्ल्यांत रुग्णवाहिका दारापर्यंत येऊ शकत नाही. पोटमाळ्याचे उभे जिने पडण्याचा धोका वाढवतात आणि भरकटलेल्या रुग्णाला पाण्याचा धोका असतो. मासेविक्री करणाऱ्या स्त्रीला पहाटेच घर सोडावे लागते, त्यामुळे सकाळची औषधे व न्याहारी दुसऱ्या कोणावर तरी सोपवावी लागते. सुकी खारवलेली मासळी मीठयुक्त असल्याने उच्च रक्तदाबात तिचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते. दुसरीकडे, परस्परांना ओळखणारे शेजारी ही अशा वस्तीची जमेची बाजू होय. वाट चुकलेली व्यक्ती कोणाच्या घरची आहे, हे तेथे लगेच ओळखले जाते. जाळे विणण्यासारखी हाताच्या सवयीची कामे आणि परिचित गाणी स्मृती क्षीण झाल्यावरही रुग्णाला रमवू शकतात. मार्च २०२० च्या अखेरीस कोविड-१९ च्या प्रादुर्भावामुळे हा परिसर प्रतिबंधित करण्यात आला होता. अशा काळात औषधांचा साठा आणि पर्यायी शुश्रूषक यांचे पूर्वनियोजन महत्त्वाचे ठरते.

परळचे केईएम आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिका रुग्णालयांत मेंदूविकार व मनोविकार विभाग आहेत.

कायदेशीर बाजू
भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाल्यास मुखत्याराचा अधिकार संपतो. त्यामुळे गरजेच्या वेळीच हे पत्र निरुपयोगी ठरू शकते. बँक खाते किंवा घराचे व्यवहार अडल्यास कुटुंबाला न्यायालयात जावे लागते. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमातील एका व्यक्तीच्या पत्नीला राज्यघटनेच्या कलम २२६ खालील अधिकार वापरून पालक नेमले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार सक्षम असताना व्यक्ती उपचारांविषयी आगाऊ निर्देश देऊ शकते व प्रतिनिधी नामनिर्देशित करू शकते. मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन आणि संयुक्त खाते या बाबीही आजाराच्या प्रारंभीच, रुग्णाची इच्छा विचारून, पूर्ण करणे हितावह असते.