पिन एक, कामं चार

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या वाचकाने विचारलं आहे : ‘बीगलबोन ब्लॅक बोर्डाला सिरियल सेन्सर जोडला. जोडणी पुन्हा पुन्हा तपासली. हाच सेन्सर दुसऱ्या बोर्डावर नीट चालतो, इथे मात्र एक अक्षर येत नाही. बोर्ड खराब झाला असेल का?’

बोर्ड बहुधा ठणठणीत आहे. त्याच्या पिनेला तिचं काम कुणी नेमून दिलेलं नाही, एवढंच. हे काम कुठे आणि कसं नेमून देतात, हे सांगताना एका सुरेख कल्पनेची आणि तिच्या फारशा न आठवल्या जाणाऱ्या जनकाची गोष्ट सांगावी लागते.

बीगलबोन ब्लॅकच्या दोन कडांना पी-८ आणि पी-९ अशा ४६-४६ पिनांच्या दोन पट्ट्या आहेत. पी-९वरची २४ क्रमांकाची पिन घ्या. ती सिरियल पोर्टाची पाठवणारी तार होऊ शकते. गाडीतले निरनिराळे कंट्रोलर ज्या कॅन बसवर एकमेकांशी बोलतात, त्या बसची येणारी बाजू होऊ शकते. आय-टू-सी सेन्सरांना ठेका देणारी घड्याळाची तार होऊ शकते. यातलं काहीच नको असेल, तर एलईडी लावा-विझवायची साधी पिनही होऊ शकते. वाळूजच्या कारखान्यांसाठी वाहनांचे भाग बनवणाऱ्यांना यातला दुसरा पर्याय लागेल, शेतातला ओलावा मोजणाऱ्याला कदाचित तिसरा.

इतकी कामं एकाच पिनेकडे येण्याचं कारण सरळ आहे. चिपच्या पोटात जेवढे सिग्नल असतात, तेवढे पाय बाहेर काढायला जागा नसते. म्हणून प्रत्येक पायामागे निवड करणारा स्विच बसवतात. या बोर्डावरच्या एएम-३३५एक्स प्रोसेसरमध्ये तो तीन बिटांचा आहे, म्हणजे ० ते ७ असे आठ पर्याय. आपल्या २४ क्रमांकाच्या पिनेसाठी ० म्हणजे सिरियल, २ म्हणजे कॅन, ३ म्हणजे आय-टू-सी आणि ७ म्हणजे साधी पिन. हा आकडा चिपमधल्या ज्या रजिस्टरमध्ये लिहितात, त्यात आणखी काही बिट असतात. पिन आतून वर ओढून धरायची की खाली, हे त्यांतले काही ठरवतात; एक बिट पिनेचं ‘ऐकणं’ चालू किंवा बंद करतो. शेजारच्या २६ क्रमांकाच्या पिनेवर सिरियल डेटा आत येतो. तिथे पर्याय बरोबर निवडला, पण हा ऐकण्याचा बिट राहून गेला, तर सेन्सर कितीही बोलला तरी प्रोसेसरला काही ऐकू येत नाही. वाचकाने पहिली शंका इथेच घ्यावी.

आता हा आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा कुणी? या बोर्डावर लिनक्स चालतं, तेव्हा हे काम त्याचं. एके काळी प्रत्येक बोर्डासाठी लिनक्सच्या मूळ प्रोग्रामातच, म्हणजे कर्नलमध्येच, सी भाषेतली वेगळी फाइल लिहीत. एआरएम प्रोसेसरांचे बोर्ड शेकड्यांनी वाढले, तशा या फाइलींच्या राशी झाल्या. मार्च २०११ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टॉरवल्ड्सने या पसाऱ्यावर जाहीरपणे संताप व्यक्त केला. त्यावरचा उपाय होता डिव्हाइस ट्री : बोर्डाची माहिती प्रोग्रामातून उचलायची आणि वेगळ्या मजकुरात मांडायची.

हा उपाय समजून घ्यायला आपल्या शहरासारखी जागा नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने इथे नहर बांधली. उत्तरेकडच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालच्या मार्गाने, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आलं. वरून दिसतात ते फक्त मनोऱ्यासारखे बंब आणि अधूनमधून आत उतरायची तोंडं. समजा, नहर दुरुस्त करायला एक निष्णात गवंडी आणला. दगड-चुन्याचं काम त्याला पुरेपूर येतं, पण कोणती शाखा कुठे वळते हे जमीन त्याला सांगणार नाही. त्यासाठी नकाशाच हवा. आणि नकाशा वेगळा असला, की तोच गवंडी दुसऱ्या शहराची नहरही दुरुस्त करू शकतो. लिनक्समधला, एखादा भाग चालवणारा ड्रायव्हर म्हणजे हा गवंडी आणि डिव्हाइस ट्री म्हणजे त्याच्या हातातला नकाशा. यूएसबीला पेन ड्राइव्ह लावला की तो स्वतःची ओळख सांगतो. सिरियल किंवा आय-टू-सी सेन्सर मात्र जमिनीखालच्या पाण्यासारखा गप्प असतो. तो कुठे आहे, हे कुणीतरी लिहूनच ठेवावं लागतं.

हे लिहिणं साध्या मजकुरात होतं. प्रत्येक भागाची एक नोंद, त्यात त्याचा पत्ता, त्याला चालणाऱ्या ड्रायव्हरची खूण आणि त्याला लागणाऱ्या पिनांचा गट. या मजकुराची छोटी बायनरी फाइल तयार होते आणि बोर्ड चालू होताना यू-बूटसारखा बूटलोडर ती कर्नलच्या हाती देतो. पुढचं काम पिनकंट्रोल यंत्रणेचं. लिनस वॉलेइ यांनी रचलेली ही यंत्रणा जानेवारी २०१२ च्या लिनक्स ३.२ मध्ये आली. ड्रायव्हर जागा होण्याआधीच ती त्याच्या पिना लावून ठेवते. एकाच पिनेवर दोघांनी हक्क सांगितला, तर दुसऱ्याला नकार देते आणि तशी नोंदही करते. कोणती पिन सध्या कुणाच्या ताब्यात आहे, याची यादी डीबग फाइलसिस्टीममधल्या ‘पिनमक्स-पिन्स’ या फाइलीत वाचता येते. सेन्सर बदलण्याआधी ती जरूर वाचा.

या कल्पनेचं श्रेय २०११ च्या वादाला देऊन लोक मोकळे होतात, ते मला खटकतं. तिचं मूळ सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मिच ब्रॅडली यांनी घडवलेल्या ओपन फर्मवेअरमध्ये आहे. संगणकाने आपल्या सगळ्या भागांची झाडासारखी यादी स्वतः तयार करायची आणि ऑपरेटिंग सिस्टीमला द्यायची, हा त्यातला गाभा. १९९४ मध्ये तो आयट्रिपलई-१२७५ या मानकात नोंदला गेला. अ‍ॅपलच्या पॉवरपीसी संगणकांनी तो स्वीकारला, पॉवरपीसीवरच्या लिनक्सने २००५ च्या सुमारास त्याला सुटसुटीत रूप दिलं आणि तेच पुढे एआरएमकडे आलं. ब्रॅडली यांचं फर्मवेअर महाराष्ट्रातही पोचलं होतं! कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यातल्या मराठी शाळेत २००७ मध्ये ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. ते चालू करणारं ओपन फर्मवेअर याच माणसाच्या हातचं. मुलांनी बटण दाबलं, की सर्वांत आधी ब्रॅडली यांचं काम जागं होत असे.

डिव्हाइस ट्रीलाही मर्यादा आहेत. त्याचा कंपायलर व्याकरण तपासतो, खरेखोटेपणा नाही. चुकीचा आकडा लिहिला तर कोणतीही तक्रार न होता बोर्ड गप्प बसतो. बीगलबोनच्या डिजिटल पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यांना ५ व्होल्ट दिले तर मजकूर कितीही अचूक असला तरी चिप जळू शकते. म्हणून सर्किटचा आराखडा आणि चिपची डेटाशीट शेजारी ठेवूनच हे लिहावं. आयत्या लायब्ररीने एलईडी लुकलुकवून ‘आयओटी तज्ज्ञ’ झाल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यशाळांत हीच पायरी वगळली जाते आणि प्रत्यक्ष कामावर विद्यार्थी इथेच अडतो.

ही पायरी ओलांडली, तर लाभ मोठा आहे. एखाद्या छोट्या उद्योजकाने ओळखीचाच प्रोसेसर घेऊन स्वतःच्या गरजेचा बोर्ड बनवला, तर त्याला लिनक्सच्या मूळ प्रोग्रामला बहुधा हातही लावावा लागणार नाही. काही पानांचं अचूक वर्णन पुरेल. बीगलबोनचं आणि इतर असंख्य बोर्डांचं असं वर्णन लिनक्सच्या स्रोतात उघडं पडलेलं आहे, कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी. आपल्या महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात स्वतःच्या बोर्डाचं असं एक वर्णन लिहिणं सक्तीचं करावं. त्या विद्यार्थ्याला पुढे कुठलाही अनोळखी बोर्ड हाती आला, तर सुरुवात कुठून करायची हे विचारावं लागणार नाही.