पद्मिनीतील खडखडाट आणि धग

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही पाहिलीच असेल. आज या रंगात निरनिराळ्या बनावटीच्या गाड्या धावतात. परंतु अनेक वर्षे मुंबईत टॅक्सी म्हटले की 'प्रीमियर पद्मिनी' हीच गाडी डोळ्यांसमोर येत असे. ही मूळची इटलीतील फियाट कंपनीची गाडी. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून तयार होऊ लागली आणि पुढे तिला पद्मिनी हे नाव मिळाले. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. काही लोकांनी मात्र आपली घरची पद्मिनी अजून जपून ठेवली आहे.

आमच्या शेजारच्या चाचांकडे अशीच एक गाडी आहे. ती त्यांच्या वडिलांनी घेतलेली होती. गाडी दिसायला देखणी. पण आत बसले की दोन मिनिटांत जीव नकोसा होई. पायांना धग लागे, डोक्यावरचे छत तापे आणि आवाज इतका की मागे बसलेल्या अम्मीजान काय म्हणतात ते पुढे ऐकू येत नसे.

चाचांनी एक सोपा उपाय केला. बाजारातून जाड नमदा आणला. (हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. लोकर दाबून केलेले जाड कापड म्हणजे नमदा.) तो साऱ्या तळावर पसरला आणि वर गालिचा घातला. आठ दिवस सारे खूश होते. पण पावसाळा आला, दरवाजाच्या फटीतून पाणी आत गेले आणि नमद्याने ते पिऊन घेतले. वरून गालिचा कोरडा दिसे. खाली पत्रा महिनोन्महिने ओला राही. दिवाळीनंतर अम्मीजानना गाडीत बसले की डोके दुखू लागले. खाली उतरून थोडा वेळ मोकळ्या हवेत थांबले की बरे वाटे. अखेर गॅरेजच्या उस्तादांनी गालिचा उचलला. मागच्या सीटसमोर तळाचा पत्रा गंजून त्याला मुठीएवढे भोक पडले होते. सायलेन्सरलाही चीर गेली होती. इंजिनाचा धूर सरळ आत येत होता.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. तो रक्तात मिसळला की रक्ताला पुरेसा प्राणवायू वाहून नेता येत नाही. वायू थोडा असेल तर डोके दुखते. जास्त असेल तर माणूस दगावतो. अम्मीजान वेळेवर सावरल्या.

म्हणून जुनी गाडी शांत आणि थंड करायची असेल तर प्रथम नमदा आणू नये. प्रथम आवाज आणि उष्णता कोणत्या वाटेने आत येतात ते शोधावे. प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा असतो.

आवाजाची पहिली वाट म्हणजे फट. समजा, एका दरवाजाचा शंभरावा भाग उघडा राहिला. मग उरलेला दरवाजा तुम्ही किल्ल्याच्या भिंतीएवढा जाड केला तरी बाहेरच्या आवाजाचा साधारण शंभरावा भाग आत येणारच. हे ऐकून थोडे वाटेल. पण आपला कान फार तीक्ष्ण आहे. शंभरावा भाग आवाजही त्याला चांगला ऐकू येतो. फट शोधण्याची एक युक्ती उस्तादांनी दाखवली. दरवाजाच्या कडेला कागदाची पट्टी धरायची, दरवाजा लावायचा आणि पट्टी ओढायची. पट्टी अडकली तर दरवाजाचे रबर चांगले आहे. सहज निघाली तर रबर बसले आहे, म्हणजे त्यातला ताठपणा गेला आहे. इंजिन आणि बैठक यांच्या मधल्या पत्र्यालाही अनेक भोके असतात. त्यांतून तारा, नळ्या आणि पायातल्या पट्ट्यांच्या दांड्या जातात. त्यांच्याभोवतीची रबरी बुचे सुकून गळून पडतात. ही बुचे नवी बसवली की आवाज, धग आणि धूर या तिघांचीही एक वाट बंद होते. खर्च फार नाही. म्हणूनच बहुधा लोक हे काम विसरतात.

आवाजाची दुसरी वाट खुद्द पत्रा होय. घरी एक प्रयोग करून पहा. स्टीलची थाळी दोऱ्याने टांगा आणि चमच्याने हलकेच वाजवा. 'ठण्ण' असा लांब आवाज येईल. आता थाळीच्या पाठीवर मळलेल्या कणकेचा एक गोळा थापा आणि पुन्हा वाजवा. आता फक्त 'ठक' होईल. थाळी थरथरते तेव्हा कणीकही तिच्याबरोबर ताणली जाते. त्या ताणण्यात कंपनाची शक्ती खर्च होते आणि तिची किंचित उष्णता बनते. गाडीचे दरवाजे, छत आणि तळ हीच आपली मोठी थाळी. त्यांना आतून डांबराची किंवा ब्यूटाइल रबराची चिकट शीट लावतात. ती कणकेचे काम करते. साऱ्या पत्र्यावर शीट लावण्याची गरज नसते. पत्रा मधोमध जास्त थरथरतो. तिथे पाव ते अर्ध्या भागावर शीट नीट दाबून लावली तरी पुष्कळ फरक पडतो. बोटाच्या पेराने ठोकून पहावे. जिथे 'ठण्ण' वाजेल तिथेच शीट लावावी.

मग नमदा काय करतो? तो हवेत पसरलेला आवाज शोषून घेतो. पण सगळे आवाज नव्हे. थोडे गणित करू. पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. ते मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला १०० स्फोट. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. तेव्हा या घुमणाऱ्या आवाजाची एक लहर ३.४ मीटर लांब झाली. एवढ्या लांब लहरीला बोटभर नमदा काय अडवणार? तो वाऱ्याची शीळ आणि बारीक किणकिण शोषतो. घुमण्याला हात लावत नाही. घुमणे कमी करायचे तर इंजिन ज्या रबरांवर टेकलेले असते ती 'माउंटिंग' पहावीत. चाचांच्या गाडीत ती दगडासारखी कडक झाली होती. ती बदलताच घुमणे इतके कमी झाले की चाचांना वाटले, इंजिन बंद पडले!

आता उष्णतेकडे वळू. वहन, अभिसरण आणि प्रारण हे उष्णतेचे तीन मार्ग तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहेत. गाडीत तिन्ही एकदम काम करतात. इंजिनाची उष्णता पत्र्यातून वहनाने येते. गरम हवा फटींतून शिरते. सूर्याची उष्णता काचांतून प्रारणाने येते आणि तापलेल्या छतापासून आपल्या डोक्यावर उतरते. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीतील हवा तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा वीस अंशांनीही जास्त तापू शकते. काच जराशी उघडी ठेवून विशेष फरक पडत नाही. लहान मुलाला अशा गाडीत पाच मिनिटेही सोडू नये.

प्रारण अडवण्यास चकचकीत अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा फार उपयोगी आहे. त्यावर पडलेल्या उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तो परत फेकतो. मात्र येथे बहुतेकांची एक चूक होते. ते चकचकीत पत्रा तापलेल्या पत्र्याला चिकटवून टाकतात. धातूला धातू लागला की वहन सुरू झाले आणि चकाकी वाया गेली. तिच्यासमोर थोडी हवेची जागा मोकळी हवी. सायलेन्सर आणि तळ यांच्यामध्ये उस्तादांनी असा एक पत्रा बसवला. दोन्ही बाजूंना बोटभर अंतर ठेवले. छताच्या आतील कापड आणि छताचा पत्रा यांच्यामध्येही तसेच केले. टॅक्सीला पिवळे छत कोणत्याही कारणाने दिले गेले असो, काळ्यापेक्षा ते उन्हात कमी तापते हे खरे. पद्मिनीच्या पुढच्या दरवाजांना एक लहान तिकोनी काच असते. ती फिरवली की धावत्या गाडीत वारा सरळ अंगावर येतो. इतकी सोयीची वस्तू नव्या गाड्यांतून का काढून टाकली असेल, याचे मला नेहमी नवल वाटते.

थर्मोकोल स्वस्त मिळतो म्हणून काहीजण तो कोंबतात. तसे कधीही करू नये. शंभर अंशांच्या आसपास तो मऊ पडतो आणि सहज पेटतो. सायलेन्सरची नळी इंजिनाजवळ त्याहून कितीतरी जास्त तापते.

राहिले पाणी. दरवाजाच्या खालच्या कडेला बारीक भोके असतात. काचेवरून ओघळलेले पावसाचे पाणी त्यांतून खाली जाते. आवाज बंद करण्याच्या नादात ही भोके बुजवली तर दरवाजा आतून सडतो. तळाला शीट लावण्यापूर्वी गंज खरवडावा, पत्र्याला गंज न चढू देणारा रंग द्यावा आणि तो पुरता वाळू द्यावा. उस्तादांनी चाचांचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला, सायलेन्सर बदलला आणि मगच बाकीचे काम हाती घेतले. नमदाही घातला, पण चिकटवला नाही. तो हवा तेव्हा उचलता येतो.

गाडी आता अगदी मुकी झालेली नाही. उस्तादांनी तसे होऊ दिले नाही. गिअर कधी बदलावा हे चाचा इंजिनाच्या आवाजावरूनच ठरवतात. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगाही ऐकू आला पाहिजे. पण मागच्या सीटवरून अम्मीजान म्हणाल्या, "बेटा, जरा हळू चालव," तर चाचांना ते पहिल्यांदाच ऐकू येते.

पावसात फिरून आल्यावर चाचा आता गाडीतून लगेच उतरत नाहीत. आधी वाकून गालिच्याचा कोपरा उचलतात, नमद्याखाली हात घालतात आणि पत्रा कोरडा आहे की नाही ते पाहतात.